पणजोबांनी १९२३ साली कौन्सिलला मत दिलं असेल का?

दापोलीकर: आमचे पणजोबा महार, पहिल्या महायुद्धात १११ महार पलटणीत होते. १९२१ ला पलटण मोडली तेव्हा गावी परतले. आजी ठासून सांगायची की फेटा बांधून, छातीला बिल्ला लावून बाबा कौन्सिलचं, म्हणजे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीचं, मत टाकायला गेले होते. घरात जमीन म्हणाल तर गावकीच्या कामाबद्दल मिळालेला वतनाचा तुकडा. त्या काळी मत मोजक्यांनाच होतं ना? मग हे कसं?

जुने दफ्तर: आजीवर विश्वास ठेवा. १९१९ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात खेड्यातल्या मतदाराच्या नावावर ३२ रुपये आकाराची (म्हणजे सरकारी साऱ्याची) जमीन लागायची. रत्नागिरी जिल्ह्याला सवलत होती, तिथे १६. वतनाच्या तुकड्यावर तेही जमलं नसतं. पण पलटणीतून सुटून आलेल्या शिपायाला जमिनीची अटच नव्हती! मतदारसंघ अख्खा जिल्हा, बाणकोटपासून थेट वेंगुर्ल्यापर्यंत; मुसलमानांचा तेवढा वेगळा.

मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. मराठा व तत्सम जातींना ७ जागा राखीव होत्या, अस्पृश्यांना निवडून येण्यासाठी एकही नाही. त्यांचा माणूस गव्हर्नर नेमायचा. आधी ज्ञानदेव घोलप, १९२७ पासून डॉ. आंबेडकर आणि डॉ. सोळंकी. म्हणजे तुमच्या पणजोबांनी मत द्यायचं, पण आपला माणूस निवडायचा नाही.

माहेर महाड: दादांनी जागांचं सांगितलं, मी खुर्चीचं सांगते. १९२१ पूर्वी कौन्सिलात खुद्द गव्हर्नर अध्यक्षस्थानी बसायचा. मग सर नारायण चंदावरकर आले, तेही नेमलेलेच. मे १९२३ मध्ये ते वारले आणि सर इब्राहिम रहिमतुल्ला अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला कौन्सिलचे सभासद सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. आमच्या महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारला, तरी चवदार तळ्याचं पाणी घ्यायला १९२७ उजाडावं लागलं. कौन्सिल नुसतं साहेबाचं बाहुलं होतं असं कुणी म्हटलं की मी हा ठराव पुढे करते.

दापोलीकर: ताई, दादा, मनापासून आभार. डिस्चार्जचा कागद ट्रंकेत आहे, बराच विरलाय. मतदारयादी कुठे शोधू?

जुने दफ्तर: मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे विचारा. कागदाचा आधी नीट फोटो काढा, घडी पुन्हा पुन्हा उघडू नका. पलटणीतला नंबर दिसत असेल तर तो आधी टिपून घ्या.