सल्ला हवा आहे: भरीव सोन्याची कडी-क्लिप असलेली जुनी फाउंटन पेनं

दौतटाक:

गेली सहा-सात वर्षं मी रोज फाउंटन पेननेच लिहिते. नव्या पेनांपासून सुरुवात झाली, मग हळूहळू जुन्याकडे ओढा वाढला. आता तीन जुनी पेनं आहेत आणि तिन्ही रोल्डगोल्डची, म्हणजे पितळेवर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेली. त्यातल्या एकाच्या क्लिपचा गोळा खिशात घासून घासून पितळेवर आलाय. बाकी क्लिप अजून झळझळीत आहे, त्यामुळे तो ठिपका जास्तच डोळ्यांत खुपतो. तेव्हापासून मनात आहे की पुढचं पेन घ्यायचं ते ज्याचं कडं आणि क्लिप भरीव सोन्याची आहे असंच. म्हणजे पन्नास वर्षांनीही आतून दुसरा रंग बाहेर यायला नको.

पण ओळखायचं कसं? निबवर "१४ के" लिहिलेलं असतं ते मला माहीत आहे. टोपणावरच्या सोन्याचं काय? कोणत्या पेनांपासून सुरुवात करावी? शिवाय अशी पेनं वापरायची की नुसती जपायची? मला वापरायची आहेत. लिहिता येणार नसेल तर मला त्या पेनात रस नाही.

निळी शाई:

छान विषय काढलात. मी बरीच वर्षं यात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी निबचा गैरसमज दूर करू. जुन्या काळी चांगल्या पेनाची निब सोन्याचीच असायची, कारण त्या वेळच्या शाईने साधं पोलाद गंजायचं. त्यामुळे निबवरचा १४ किंवा १८ चा आकडा फक्त निबपुरता असतो, टोपणाशी त्याचा काही संबंध नाही. विक्रेते "१४ कॅरेट सोन्याचं पेन" असं लिहून मोकळे होतात आणि सोनं म्हणाल तर निबमध्येच काय ते असतं.

कड्याचा ठसा वेगळा शोधावा लागतो. तो कड्याच्या बाहेरच्या बाजूला, टोपणाच्या ओठाजवळ किंवा क्लिपवर असतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, त्याशिवाय या छंदात पाऊल टाकू नका. भरीव सोन्यावर नुसतं १४ के, १८ के किंवा ५८५, ७५०, ३७५ असे आकडे असतात. हे हजारात सोनं किती याचं माप. ५८५ म्हणजे १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८ आणि ३७५ म्हणजे ९ कॅरेट. ठशात कुठेही अपूर्णांक दिसला, १/१० किंवा १/२०, तर ते भरीव नाही. "१/२० १२ के" याचा अर्थ धातूच्या एकूण वजनाचा विसावा भाग १२ कॅरेटचा पत्रा आहे आणि खाली बहुधा पितळ आहे. १२ कॅरेट म्हणजे निम्मं सोनं. म्हणजे असा दहा ग्रॅम धातू घेतला तर त्यात शुद्ध सोनं फक्त पाव ग्रॅम.

इंग्लिश पेनांचं मात्र वाचन सोपं आणि सुंदर आहे. तिथे सोन्यावर सरकारमान्य तपासणी कचेरीचा ठसा असतो: नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन. शेजारी कॅरेटचा आकडा, बनवणाऱ्याची आद्याक्षरं आणि एक अक्षर, ज्यावरून वर्ष कळतं. स्वानसारख्या इंग्लिश पेनांवर ९ किंवा १८ कॅरेटचं कडं पुष्कळदा भेटीदाखल देताना बसवलेलं असे, त्यावर कोणाची तरी आद्याक्षरं कोरलेली असतात. भिंगाखाली त्या एवढ्याशा कड्यावर चार-पाच ठसे ओळीने उलगडतात तेव्हा जो आनंद होतो तो मला तरी पूर्ण सोन्याच्या टोपणात मिळालेला नाही.

सुरुवात कुठून म्हणाल तर माझ्या मते शेफर ऑटोग्राफ. तुम्ही जे मागताय ते अगदी तेच आहे: काळं पेन, १४ कॅरेटचं रुंद कडं, १४ कॅरेटची क्लिप, बाकी काही मिरवणं नाही. कडं रुंद ठेवलं होतं ते मालकाची सही त्यावर कोरता यावी म्हणून. निबही लिहायला उत्तम.

पार्कर ५१ चं पूर्ण सोन्याचं टोपण लोकांना फार आवडतं. पेन १९४१ मध्ये बाजारात आलं आणि लिहायला आजही नव्यासारखं आहे. १९४८ नंतरच्या दाबून शाई भरायच्या प्रकारात आतली पिशवी प्लास्टिकची आहे, ती सहसा बदलावी लागत नाही. पण एक लक्षात ठेवा, ५१ ची टोपणं एकमेकांना बसतात. साध्या पेनावर सोन्याचं टोपण चढवून विकणं दोन मिनिटांचं काम आहे. टोपण खरं, पेनही खरं, पण ती जोडी खरी असेलच असं नाही. शिवाय सोन्याचं टोपण पातळ आणि मऊ असतं, एकदा खाली पडलं की पोचा येतो. पोचा काढता येतो, पण काढल्याची खूण उजेडात तिरपं धरलं की दिसतेच.

एव्हरशार्पची १९४० च्या दशकातली "सिक्स्टी-फोर" ही पेन-पेन्सिलची जोडीही बघून ठेवा. टोपणं १४ कॅरेटची, किंमत ६४ डॉलर म्हणून हे नाव. पण तुम्ही नुकती सुरुवात करताय, तिच्या मागे आत्ताच लागू नका.

टाकसाळ:

निळी शाई यांनी सगळं बरोबर लिहिलंय, पण माझं मत थोडं वेगळं आहे. पहिलं वर्षभर चांगल्या स्थितीतलं रोल्डगोल्डच घ्या आणि हाताळा. झीज कुठे होते हे बोटांना कळलं की भरीव सोनं आपोआप ओळखता येतं. क्लिपचा गोळा, लिव्हरची (शाई भरायला उचलायच्या बाजूच्या पट्टीची) कड, टोपणाचा ओठ आणि कोरीव नक्षीचे उंचवटे या जागा आधी झिजतात. तिथे खालचा रंग वेगळा असेल तर ठसा काहीही सांगो, पत्राच आहे. ठसा खोटा मारता येतो, ऐंशी वर्षांची झीज खोटी करणं अवघड आहे.

दौतटाक:

दोघांचे खूप आभार. टाकसाळ, तुमचं म्हणणं पटतं, पण रोल्डगोल्डची तीन पेनं वर्षानुवर्षं हाताळूनच मी इथे आलेय.

निळी शाई, लिहून दिलंत त्यावरून शोधायला बसले आणि दोन पेनं सापडली. एक वॉटरमनचं आहे, पूर्ण अंगावर नक्षीचा सोनेरी पत्रा, लिव्हरने शाई भरायचं. विक्रेता म्हणतो भरीव सोनं. नंबर आहे ०५५२. दुसरं शेफर ऑटोग्राफ, त्याच्या कड्यावर सही कोरलेली आहे. वॉटरमन जास्त देखणं आहे, मन तिकडेच जातंय.

निळी शाई:

थांबा, थांबा! पहिल्या शून्याकडे बघा.

वॉटरमनचे जुने नंबर म्हणजे वर्णनच असतं. शेवटचा २ हा निबचा आकार. त्याआधीचा ५ म्हणजे लिव्हर. त्याच्याही आधीचा आकडा धातूचा: ४ म्हणजे चांदी, ५ म्हणजे सोनं. म्हणून ४५२ चांदीचं, ५५२ भरीव सोन्याचं. आणि त्या ५ च्या आधी शून्य आलं की ते रोल्डगोल्ड. तुमचं ०५५२ म्हणजे पत्र्याचं. पेन वाईट नाही, उलट त्या नक्षीचं काम बघत राहावं असं असतं. पण भरीव सोन्याच्या किमतीला ते घेऊ नका. विक्रेत्याला हे माहीत नसेलही, त्याला नीट सांगून बघा.

ऑटोग्राफचे फोटो मागवा. सहीची जागा जवळून, तिरप्या उजेडात.

कसोटी:

माझ्या घरी सोनारकाम आहे, म्हणून तपासणीबद्दल दोन गोष्टी सांगते.

पेन घेऊन कोणाकडे गेलात आणि त्यांनी कसोटीचा दगड काढला तर पेन परत खिशात घाला. दागिन्याच्या मागच्या बाजूला कस लावला तर चालतं, पेनाच्या कड्याला मागची बाजूच नसते. एक ओरखडा, त्यावर आम्ल, आणि ऐंशी वर्षं जपलेली कड गेली. काही ठिकाणी क्ष-किरणांचं यंत्र असतं, त्याने ओरखडा पडत नाही. पण ते यंत्र फक्त वरचा अगदी पातळ थर वाचतं. जुना रोल्डगोल्डचा पत्रा पुरेसा जाड असेल तर यंत्र खुशाल १४ कॅरेट दाखवतं. त्यामुळे झिजलेल्या कडेवर किंवा टोपणाच्या आतल्या बाजूला, जिथे पोचता येईल तिथेही वाचन घ्यायला सांगा. दोन्हीकडे एकच आकडा आला तर विश्वास ठेवा. लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका, तो पितळेलाही चिकटत नाही.

आणि एक मनापासून सांगते. सोन्याचा भाव चढला की अशी टोपणं आणि कडी आटवायला येतात. क्लिप ओढून काढलेली, कडं कापलेलं, आणि उरलेलं काळं पेन टाकून दिलेलं, हे मी समोर पाहिलंय. एका कड्यात सोनं असून असून किती असणार? एक ग्रॅम १४ कॅरेटमध्ये शुद्ध सोनं ०.५८५ ग्रॅम. तेवढ्यासाठी अख्खं पेन मारलं जातं. तेव्हा तुमच्यासारखं कोणी वापरण्यासाठी शोधतंय हे वाचून बरं वाटलं.

रबरी पिशवी:

मी जुनी पेनं दुरुस्त करतो. वापरायचं म्हणताय म्हणून हे लिहितो.

ऑटोग्राफ कोणत्या काळातलं आहे ते विचारा. स्नॉर्केल पद्धतीचं (निबखालून बाहेर येणाऱ्या नळीने शाई ओढणारं), म्हणजे १९५२ ते १९५९ मधलं असेल तर आत पिशवी, रबरी चकती आणि गोल रबरी कडी असे तीन भाग बदलावे लागतात. काम नाजूक आहे, पण होतं, आणि एकदा झालं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. विक्रेता "चालू स्थितीत" म्हणाला तरी पिशवी शेवटची कधी बदलली ते विचाराच. मागचा दांडा जोर लावून ओढू नका, जुनं रबर आत घट्ट चिकटलेलं असतं आणि दांडा वाकतो.

धुवायला गार, साधं पाणी. गरम पाणी अजिबात नको. पेन धुण्यासाठी अमोनिया घातलेलं पाणी वापरायचा सल्ला तुम्हाला मिळेल. सोन्याच्या कड्याचं पेन त्यात बुडवू नका. विशेषतः ९ कॅरेटमध्ये ६२.५ टक्के इतर धातू असतात, तांबं, चांदी वगैरे. बसवताना ताणलं गेलेलं असं कडं अमोनियाने बारीक तडकू शकतं. काळ्या एबोनाइटचं (कडक रबराचं) पेन पाण्यात भिजत ठेवलं तर रंग उडून मेंदीसारखा हिरवट तपकिरी होतो, तेही लक्षात असू द्या.

पॉलिश करू नका. भरीव सोनं आहे म्हणून घासलं तरी चालेल असं लोकांना वाटतं. सोनं उरतं, पण ठसा आणि कोरीव अक्षरं पुसट होतात, आणि जुन्या पेनाची ओळख त्यातच असते. मऊ कोरडं कापड, बस्स. पेनांना रबरबँड लावून ठेवू नका, त्यातल्या गंधकाने कमी कॅरेटचं सोनं काळवंडतं.

दौतटाक:

कालच फोटो आले. वॉटरमनच्या विक्रेत्याला शून्याचा अर्थ कळवला, त्याने जाहिरातीतलं वर्णन बदललं आणि आभारही मानले.

ऑटोग्राफच्या कड्यावर ठसा स्पष्ट आहे, १४ के, अपूर्णांक नाही. क्लिपचा गोळा घासून सपाट झालाय, पण रंग तोच. स्नॉर्केल आहे, पिशवी कधी बदलली ते माहीत नाही. सही मात्र पूर्ण वाचता येत नाही, पहिलं अक्षर मोठं आणि पुढे एक लांब फराटा. विक्रेता म्हणतो, हवं असेल तर सही घासून कडं कोरं करून देतो. करून घेऊ का? दुसऱ्या कोणाच्या सहीचं पेन रोज हातात धरायचं, हे आधी जरा विचित्र वाटलं.

निळी शाई:

अजिबात करू नका. सही घासली की कडं मधोमध पातळ होतं, दोन्ही कडा उंच राहतात आणि मधे खोलगट भाग दिसतो. तिरप्या उजेडात फोटो मागवा म्हटलं ते याचसाठी, कारण घासलेली कडी पुष्कळ फिरतात. तुमच्या कड्यावर सही शाबूत आहे म्हणजे सोनं पूर्ण जाडीचं आहे. शिवाय ती सही म्हणजे त्या माणसाने हे पेन स्वतःसाठी करवून घेतल्याचा पुरावा आहे.

दौतटाक:

ठीक, सही राहू देते. आज रात्री पुन्हा फोटो मोठा करून पाहिला. तो फराटा सुरू होतो तिथे रेघ जाड आहे आणि शेवटाकडे केसासारखी बारीक होत जाते. दाब देऊन लिहायची सवय असलेल्या कोणाचा तरी हात होता.

पेन घेतलं. रबरी पिशवी, तुम्ही हे काम करता का? तिन्ही भाग बदलायचेत. दांड्याला मी हात लावलेला नाही.