गच्चीवर 'हकीकत' दाखवू का? (२६ जानेवारी, बजेट १,५००)

इंदिरानगरकर: मंडळी, सल्ला हवाय. २६ जानेवारीला संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर सिनेमा दाखवायचं ठरलंय. वर्गणीतले १,५०० रुपये उरलेत, प्रोजेक्टरचं भाडं त्यातूनच. माझ्या मनात चेतन आनंदचा 'हकीकत' (१९६४) आहे. तळमजल्यावरचे सुभेदार आजोबा तोफखान्यातून निवृत्त झालेत, वय ८४. एकदा बोलता बोलता त्यांनीच नाव काढलं होतं. पण पोरंही असणार वीसेक. कृष्णधवल, तीन तास, त्यात ६२च्या चीन युद्धातली हार. लोक बसतील का? पाहिलाय त्यांनीच सांगा.

गोदाकाठ: नाही बसणार. ७१च्या युद्धावरचा 'बॉर्डर' लावा. सनी देओल ओरडला की पोरंही ओरडतात, विषय संपला.

ओझरचा_जुना: एचएएलमध्ये, म्हणजे विमानाच्या कारखान्यात, ३१ वर्षं काढली, म्हणून बोलतो. 'बॉर्डर' ज्या लढाईवर आहे त्या राजस्थानातल्या लोंगेवालाला ४-५ डिसेंबर १९७१च्या रात्री मेजर चांदपुरींकडे जेमतेम १२० जवान होते, त्यातले दोन गेले. 'बॉर्डर'मध्ये मोजा किती मारलेत ते! त्यातले अधिकारी धरमवीर भान खरे तर जिवंत परतले, सिनेमात शहीद. हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, म्हणून उजाडेपर्यंत तग धरायचा होता, तेवढं मात्र बरोबर दाखवलंय. आम्ही ओझरला मिग-२१ बांधली, तो वेगळा विषय. त्यावर स्वतंत्र धागा काढेन.

मिसळ_आधी: भाड्याच्या भानगडीत पडू नका. मी १८,०००चा प्रोजेक्टर घेतला, वर ४,०००चा स्पीकर. आता दर शनिवारी घरीच थिएटर. एकदाच खर्च.

इंदिरानगरकर: दादा, १,५०० लिहिलंय वर.

मिसळ_आधी: हो, पण हप्ते पडतात की.

सिडकोची_मावशी: अरे थंडीचं बघितलंस का? जानेवारीत गच्चीवर नऊनंतर दात वाजतात. साडेसहाला सुरू कर, म्हणजे जेवायला खाली जाता येईल. आणि पडदा नीट बांध. आम्ही दोन सिंगल चादरी मधोमध शिवून लावल्या होत्या. हिरोचं नाक अख्खा सिनेमा शिवणीवर! वारा आला की चादर फुगायची आणि त्याला सातवा महिना लागायचा. खालच्या काठाला बांबू घाल.

देवळाली_गनर: 'हकीकत' चारदा पाहिलाय. पहिल्यांदा युनिटमध्ये, उघड्यावर, जमिनीवर बसून. जमेची बाजू म्हणजे लडाख. खरोखर तिथे जाऊन चित्रीकरण केलंय, त्यामुळे उघडे डोंगर आणि त्यात मुंगीएवढी माणसं दिसतात तेव्हा पोटात खड्डा पडतो. बलराज साहनींचा मेजर आवाज न चढवता हुकूम देतो. आमचे चांगले अधिकारी असेच होते. आपल्याकडे .३०३ रायफली, एक गोळी झाडली की बोल्ट ओढा, आणि समोर त्याहून वेगवान हत्यारं. ही लाज सिनेमा झाकत नाही. युद्धानंतर दोनच वर्षांत हे दाखवायला छाती लागते.

दुबळी बाजू: जवळून घेतलेल्या दृश्यांत स्टुडिओ कळतो. प्रेमप्रकरण लांबलंय. शत्रू कागदी वाटतो, फार ओरडतो. संवाद मध्येच भाषण होतात. पण मदन मोहनचं ते चौघांचं गाणं, रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर, अडकून पडलेले जवान घर आठवत गातात ते, लावलंत की आजोबांकडे बघू नका. त्यांना मोकळं सोडा. आणि उजवीकडे बसवू नका, बहुतेक गनरांचा, म्हणजे तोफा चालवणाऱ्यांचा, एक कान गेलेला असतो. माझा उजवाच.

पक्या_पंचवटी: हा सिनेमा म्हणजे लडाखमधली रेझांग लाची लढाईच आहे ना? मेजर शैतान सिंह?

देवळाली_गनर: नाही. रेझांग ला १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊं बटालियनची चार्ली कंपनी. सिनेमातली माणसं काल्पनिक आहेत. वातावरण त्याच युद्धाचं.

पक्या_पंचवटी: म्हणजे तेच की.

गोदाकाठ: पुन्हा सांगतो, 'बॉर्डर'. हरलेलं युद्ध प्रजासत्ताक दिनाला कशाला?

ओझरचा_जुना: मग १५ ऑगस्टला दाखवायचं का? आणि बॉर्डरही तीन तासांचाच आहे.

रस्त्यावरचा_वकील: सार्वजनिक ठिकाणी सिनेमा दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते. सोसायटीची गच्ची सार्वजनिक की खासगी, यावर वाद होऊ शकतो.

मिसळ_आधी: वकीलसाहेब, बॅडमिंटन कोर्टावर लग्नाचा मांडव चालतो ना?

सिडकोची_मावशी: गाणी ठेव, बाकी काप. एक तासात आटप. मी सांगितलं तसं बांबू घाल.

इंदिरानगरकर: झालं एकदाचं. गोदाकाठने 'बॉर्डर' म्हटलं, मावशींनी काप म्हटलं. मी 'हकीकत' पूर्ण लावला, एक मिनिट न कापता. प्रोजेक्टर १,२०० भाड्याने, उरलेल्यात चहा आणि भाजलेले शेंगदाणे. साडेसहाला सुरू केला तर मोठ्या गेटचा दिवा पडद्यावर पडत होता, कृष्णधवल चित्र पार पांढरं. वॉचमनकाकांनी दिव्यावर पोतं टाकलं. पोरं मध्यंतरात निम्मी पळाली, बाकीची शेवटपर्यंत होती. आजोबांना डावीकडे बसवलं होतं, पण त्यांचा डावाच कान गेलेला निघाला. खुर्ची फिरवली. त्या गाण्याला ते काही बोलले नाहीत, फक्त हातातला चहा गार झाला. खाली जाताना विचारलं, "बर्फ बराच कापसाचा होता, नाही?" आणि हसले.

देवळाली_गनर: कापूस मलाही दिसला होता, लिहायचं राहिलं.

गोदाकाठ: पोरं निम्मी पळाली ना? बॉर्डर लावला असता तर थांबली असती.

मिसळ_आधी: स्पीकर कोणता होता?