आर्थर मॉर्गनचा मुलगा रॉकस्टारने एवढा दडवायला नको होता

मध्यरात्रीचा_स्वार
(गेम पूर्ण झाला नसेल तर पुढे वाचू नका, सगळा शेवट फुटणार आहे.)

रॉकस्टार कंपनीचा 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा व्हिडिओ गेम २०१८ साली आला. आर्थर मॉर्गन हा त्याचा नायक, एका दरोडेखोर टोळीतला. अजूनही असे लोक भेटतात ज्यांनी तो शेवटपर्यंत खेळलाय, पण आर्थरला मुलगा होता याचा त्यांना पत्ताच नाही. सहाव्या चॅप्टरमध्ये आर्थर वापिटी या मूळनिवासी जमातीचा म्हातारा प्रमुख रेन्स फॉल याच्यासोबत डोंगरात जातो आणि घोड्यावर जाता जाता विषय निघतो. एलायझा, वय १९, वेट्रेस. तिच्यापासून झालेला आयझॅक. आर्थर काही महिन्यांनी जाऊन थोडे दिवस राहून यायचा. एकदा गेला तर बाहेर दोन क्रूस. दहा डॉलरसाठी दोघांना मारलं होतं.

संपलं. ना कटसीन (गेममधली छोटी फिल्म), ना फ्लॅशबॅक. तुमचं लक्ष मॅपवरच्या रेषेकडे असेल तर गेलंच हातचं.

आणि सगळी किल्ली तर इथेच आहे! मुलगा जॅक झाल्यावर आर्थरचा साथीदार जॉन वर्षभर टोळी सोडून गेला होता, त्यावरून आर्थर त्याला सारखा टोचत असतो. पहिल्या खेपेला वाटतं, टोळीचा म्होरक्या डच जॉनला जवळ करतो म्हणून हा जळतो. दुसऱ्यांदा खेळताना ते जॅकला मासे पकडायला नेणं बघा. पोरगं गळ टाकून कंटाळतं, आईसाठी फुलांची माळ करत बसतं, आणि एरवी माणसांवर खेकसणारा आर्थर किती सांभाळून घेतो त्याला! हे पहिल्याच वेळी कळायला हवं होतं. इतकी मोठी गोष्ट सहाव्या चॅप्टरपर्यंत दाबून ठेवणं हा आर्थरवर अन्याय आहे.

जुनी_पायवाट
अजिबात पटलं नाही.

छावणीत आर्थरच्या खाटेजवळ काय काय आहे आठवा. आईचा फोटो, बापाचा पोलिसांनी काढलेला फोटो, जुनी प्रेयसी मेरीचा फोटो. आयझॅकचा काहीच नाही. हा माणूस डायरीत पक्षी-प्राण्यांची चित्रं काढतो, पण टोळीत कुणापाशी या पोराचं नाव काढताना दिसत नाही. तो दुसऱ्या चॅप्टरमध्ये शेकोटीशी बसून हे सांगेल? शक्यच नाही. क्षयाचं निदान झालंय, हातात थोडे दिवस आहेत आणि समोर स्वतः मुलगा गमावलेला बाप आहे. तिथेच ते बाहेर पडणार. आर्थरला आवाज देणाऱ्या रॉजर क्लार्कने ती वाक्यं कशी म्हटलीत ऐका, आवाज कुठेही चढत नाही. व्हायोलिन लावून फ्लॅशबॅक दाखवला असता तर सगळं पाणी झालं असतं त्याचं.

रातराणी
तुम्ही दोघंही आर्थरचंच दुःख मोजताय. एलायझाचं काय? तिला चेहरा नाही, आवाज नाही, तिचं एक वाक्य नाही. नायक आतून किती पोळलाय हे दाखवायला एक बाई आणि एक लहान मूल मारून टाकलं, झालं काम. मला हे लेखन आळशी वाटतं, लवकर सांगा नाहीतर उशिरा.

शिवाय तिला मारणारे कोण होते? काही डॉलरसाठी बंदूक काढणारे. आर्थर दुसरं काय करतो? टोळीचा सावकार स्ट्रॉस याच्या वसुलीसाठी तो कर्जदार थॉमस डाऊन्सला त्याच्याच घराच्या आवारात, खोकून रक्त पडत असताना मारहाण करतो. डाऊन्स गेल्यावर परत जाऊन त्याची बायको ईडिथकडून पैसे घेतो, मुलगा आर्ची समोर उभा असताना! स्वतःचं पोर असं गेल्यावर कुणी हे करूच कसं शकतं? मला तर आयझॅकचं कळल्यावर तो जास्त दोषी वाटायला लागला.

मध्यरात्रीचा_स्वार
ताई, एलायझाबद्दल मान्य. तिचं एक पत्र जरी सापडलं असतं तरी फरक पडला असता.

पण दोषी म्हणताना पुढचंही धरा ना. पोर गेल्यानंतरच आपण कठोर झालो, असं तो स्वतःच सांगतो. आणि शेवटी पैसा, सूड सगळं सोडून जॉनला बायको-पोराकडे पाठवतो. जे स्वतःला जमलं नाही ते त्याने जॉनकडून करून घेतलं.

रातराणी
जॉनकडून, हो. डाऊन्सकडे काय राहिलं? ईडिथ धंद्याला लागली, आर्ची ॲनीसबर्गला खाणीत. आर्थर त्यांना पैसे देतो, मदत करतो, ते चांगलंच आहे. पण नवरा मेलाच ना तिचा? आर्थरचा भूतकाळ ऐकून आपले डोळे भरतात आणि आर्चीचा बाप विसरला जातो, माझा आक्षेप तेवढाच आहे.

जुनी_पायवाट
विसरायला गेम देतो कुठे? डाऊन्सच्या त्या खोकल्यातूनच आर्थरला क्षय लागतो. पुढे प्रत्येक ढास त्याचीच आठवण करून देते. उलट मी म्हणेन, आयझॅक दडवलाय तो यासाठीच. त्याचं आधी कळलं असतं तर डाऊन्सला मारहाण करताना आपण आर्थरच्या बाजूने सबबी शोधत बसलो असतो. तसं होत नाही. तिथे समोर दिसतो तो फक्त एक वसुलीवाला गुंड, आणि बटण आपल्याच बोटाखाली असतं.