ओल्ड स्कूल रूनस्केप: आधी पायटी की आधी ड्रॅगन डॅगर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम खेळणारं कोणी असेल तर सल्ला हवा आहे. मेंबरशिप आहे, खातं साधं आहे, आयर्नमॅन (इतरांशी देवघेव न करता खेळायचं खातं) नाही. अटॅक ६०, स्ट्रेंग्थ ६२, डिफेन्स ५८, प्रेयर ४५, स्लेअर (नेमून दिलेले राक्षस मारण्याचं कौशल्य) पन्नाशीच्या आसपास. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर तासभर खेळायला मिळतं, म्हणून काय आधी घ्यायचं हे नीट ठरवून घ्यायचंय.

मला दोन गोष्टी दिसतात. एक, लॉस्ट सिटी ही क्वेस्ट (मोहीम) पूर्ण करून ड्रॅगन डॅगर आणि त्याचा स्पेशल अटॅक. दुसरी, पायटी (अटॅक, स्ट्रेंग्थ, डिफेन्स तिन्ही वाढवणारा प्रेयर). तिच्यासाठी प्रेयर ७०, डिफेन्स ७० आणि वर किंग्ज रॅन्सम. त्या क्वेस्टच्या आधी होली ग्रेल, मर्डर मिस्ट्री, ब्लॅक नाइट्स फोर्ट्रेस आणि वन स्मॉल फेवर संपवाव्या लागतात. यातलं मी फक्त ब्लॅक नाइट्स फोर्ट्रेस केलंय.

माझा खेळ बहुतेक स्लेअरचा आहे. पुढेमागे जाद या बॉसला हरवून फायर केप मिळवायची मनापासून इच्छा आहे. साठवलेलं सोनं प्रेयर वाढवणाऱ्या ड्रॅगन बोन्समध्ये घालावं का? की प्रेयर सध्या आहे तिथेच ठेवून शस्त्रांकडे वळावं? रिगर आणि ऑगरी हे वरचे प्रेयर, किंवा ड्रॅगन वॉरहॅमर हे शस्त्र, यांचा आत्ताच विचार करण्यात अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया क्रम सांगावा, आणि कारणासकट सांगावा. व्हिडिओंमध्ये याद्या खूप असतात, कारणं कोणी देत नाही.

प्रतिसाद

प्रश्न चांगला मांडलाय. माझ्या मते क्रम असा: लॉस्ट सिटी, मग ब्लॅक मास्क (स्लेअरला उपयोगी मुखवटा), मग पायटी.

लॉस्ट सिटी आधी, कारण ती लवकर होते. क्राफ्टिंग ३१ आणि वुडकटिंग ३६ लागतं. त्यात एंट्राना बेटावर जावं लागतं; तिथे शस्त्र किंवा चिलखत नेऊ देत नाहीत, पण रून्स (जादूसाठी लागणारे दगड) चालतात. कुऱ्हाड तिथल्या तळघरातल्या झॉम्बींना मारून मिळवायची. ड्रामेन झाड तोडायला गेलात की १०१ लेव्हलचा ट्री स्पिरिट निघतो, त्याला आडोशामागून जादूने मारा. डॅगरला लागणारा अटॅक ६० तुमच्याकडे आहेच. डॅगरच्या एका स्पेकला (स्पेशल अटॅकला) त्याच्या शक्तीचा २५ टक्के बार जातो आणि दोन वार बसतात, म्हणजे भरलेल्या बारवर चार वेळा. पण बार ३० सेकंदांना १० टक्केच भरतो. थोडक्यात, हे शस्त्र एखाद्या मोठ्या शत्रूला झटपट लोळवण्यासाठी आहे. शंभर-दीडशे राक्षसांच्या टास्कमध्ये त्याने फारसा फरक पडत नाही.

स्लेअरमध्ये सतत चालू राहणारी वाढ हवी. म्हणून पायटीच्याही आधी ब्लॅक मास्क. टास्कवरच्या शत्रूंविरुद्ध मेलीची (जवळून लढण्याची) अचूकता आणि मार दोन्ही १६.६७ टक्क्यांनी वाढतात, आणि प्रेयरचा एकही पॉइंट खर्च होत नाही. हा मास्क देणारे केव्ह हॉरर मारायला स्लेअर ५८ हवं, पण मास्क ग्रँड एक्स्चेंजवर (खेळातल्या बाजारात) विकत मिळतो. तुमचं सोनं आधी इथे घाला. पुढे क्राफ्टिंग ५५ झालं आणि ४०० स्लेअर पॉइंट्स जमले की त्याचंच स्लेअर हेल्मेट बनवता येईल.

आता पायटी. अटॅक २०, स्ट्रेंग्थ २३, डिफेन्स २५ टक्के. तुमच्याकडे आत्ता तिन्ही प्रेयर १५ टक्क्यांचे आहेत, आणि ते एकत्र लावले तर पायटीपेक्षा जास्त वेगाने पॉइंट खातात. खरा फायदा मला तिथेच वाटतो. वन स्मॉल फेवर लांबलचक आहे, निरोप पोचवत जगभर हिंडावं लागतं, म्हणून ती रोज थोडी थोडी करा. किंग्ज रॅन्समनंतर कॅमेलॉटला नाइट वेव्ह्ज असतात. आठ सरदार एकामागून एक येतात, फक्त मेली चालते आणि प्रेयर वापरता येत नाही. त्यामुळे खायला भरपूर न्या.

बोन्सचा हिशेब: प्रेयर ४५ वरून ७० ला जायला सुमारे ६,७६,००० एक्सपी (अनुभव गुण) लागतो. गिल्डेड अल्टरवर (घरातल्या वेदीवर) दोन्ही बर्नर पेटलेले असतील तर एका ड्रॅगन बोनला २५२ मिळतो, म्हणजे साधारण २,७०० बोन्स. स्वतःचं अल्टर नसलं तरी वर्ल्ड ३३० मध्ये रिमिंग्टनला लोक आपली घरं उघडी ठेवतात. नोट केलेले (चिठ्ठीच्या रूपातले) बोन्स तिथेच फायल्स या पात्राकडून सोडवून मिळतात. वाइल्डरनेसच्या (जिथे इतर खेळाडू मारू शकतात) केऑस अल्टरवर निम्मे बोन्स वाचतात, पण मोबाइलवर तासभरच खेळणाऱ्याने तिकडे जाऊ नये असं मला वाटतं. मारेकरी आला की हातातले बोन्स गेले.

जादसाठी मात्र पायटीची वाट बघू नका. तिथे प्रोटेक्ट फ्रॉम मॅजिक आणि मिसाइल्स हे प्रेयर वेळेवर बदलता आले पाहिजेत, आणि ते दोन्ही तुमच्याकडे आहेत. रेंजने (दुरून मारा करत) जा, ४४ चा ईगल आय हा प्रेयरही तुम्हाला मिळालेला आहे.

रिगर आणि ऑगरी आत्ता सोडून द्या. त्यांचे स्क्रोल चेंबर्स ऑफ झेरिक या अवघड मोहिमेतून येतात. वॉरहॅमर शत्रूचा डिफेन्स ३० टक्क्यांनी पाडतो, त्याचा उपयोग मोठ्या बॉसवर.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. एकच भर: मंकी मॅडनेस ही क्वेस्ट केली नसेल तर करून टाका. ड्रॅगन सिमिटार ही तलवार मिळेल, आणि नंतर डेरोकडे प्रशिक्षण घेताना अटॅक-डिफेन्सचा पर्याय निवडलात तर दोन्हींत ३५,००० एक्सपी मिळतो. डिफेन्स ७० कडे जायला तेवढीच मदत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मास्कचं डोक्यातच नव्हतं. आज एंट्रानाला निघतोय. अजून एक विचारतो: डिफेन्स ५८ वरून ७० ला नेताना स्लेअर टास्क पूर्णपणे डिफेन्सिव्ह स्टाइलने करावेत, की आधी स्ट्रेंग्थ ७० करून मग डिफेन्सकडे वळावं?