ऑनलाइन पोकर: जिंकलेला पैसा साइटवर ठेवणारे शहाणे की काढून घेणारे?

किलवर दश्शी (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून निघाला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाइन खेळ बंदीखाली आला, कौशल्याचा असो की नशिबाचा. त्या आठवड्यात आमच्या पोकरच्या ग्रुपवर पत्त्यांविषयी एक अक्षर नव्हतं. ‘तुझा विड्रॉल आला का रे?’ एवढंच. कंपन्यांनी डिपॉझिट बंद करून विड्रॉल चालू ठेवले होते, आमच्यातल्या बहुतेकांचे पैसे आलेही. पण येईपर्यंत भल्याभल्यांची तंतरली होती, आणि ती वेळ लोकांनी स्वतःच ओढवून घेतली असं माझं मत आहे.

साइटच्या वॉलेटला लोक बँक समजायला लागले होते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. वॉलेटमधला आकडा म्हणजे कंपनीकडून तुमचं येणं, बाकी काही नाही. ज्या टेबलावर बसता त्याचे तीस-चाळीस बाय-इन (एकदा बसायला लागते ती रक्कम) ठेवायचे आणि वरचं दर आठवड्याला खात्यात काढायचं, इतकं सोपं होतं. ते न करता ‘बँकरोल (खेळायची पुंजी) वाढवतोय’ म्हणत लाख-दोन लाख तिथे पाडून ठेवणाऱ्यांनी आता सरकारच्या नावाने बोटं मोडू नयेत. बोला.

पावती पुस्तक

साफ असहमत. १ ऑक्टोबर २०२३ पासून डिपॉझिटच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. शंभर रुपये टाकले की खेळायला ७८ रुपये १३ पैसे, बाकीचे २१ रुपये ८७ पैसे सरकारजमा. कंपन्या तेवढाच बोनस देऊन खड्डा बुजवायच्या हे खरं, पण बोनस म्हणजे रोख नव्हे. जिंकलेला पैसा न काढता पुन्हा खेळला तर मात्र त्यावर दुसऱ्यांदा जीएसटी नव्हता.

आता तुमचा सल्ला लावून बघू. दर आठवड्याला वरचे दहा हजार काढले, मग वाईट पट्टा लागला म्हणून तेच दहा हजार परत टाकले. २,१८७ रुपये गेले, एक डावही न हरता. वॉलेटमध्ये पैसा ठेवणारे आळशी नव्हते, त्यांना वजाबाकी येत होती.

किलवर दश्शी

वजाबाकी येत होती, पण अर्धीच. ‘काढलंच नाही तर टीडीएस कशातून कापतील?’ हे याच मंडळींचं दुसरं लाडकं वाक्य. ऑनलाइन खेळातल्या कमाईवरचं प्राप्तिकराचं कलम १९४बीए लागू झाल्यापासून कंपनी विड्रॉलच्या वेळी तर कापायचीच, शिवाय ३१ मार्चला वॉलेटमध्ये पडून असलेली रक्कमही हिशेबात धरायची. वर्षभरात ५० हजार टाकले, ३० हजार काढले, मार्चअखेर वॉलेटमध्ये ४५ हजार. म्हणजे निव्वळ जिंकलेले २५ हजार, त्याचे ३० टक्के म्हणजे साडेसात हजार गेले. आणि एप्रिलमध्ये तेच पैसे टेबलावर हरलात तर? तो तोटा मागच्या वर्षाच्या कमाईतून वजा होत नाही, पुढेही ओढता येत नाही. कर मात्र भरून झालेला.

पावती पुस्तक

३१ मार्चला कर कापला जाणार, काढा नाहीतर ठेवा. म्हणजे टीडीएस दोन्ही बाजूंनी रद्द. उरला जीएसटी, आणि तो माझ्या बाजूला आहे. एप्रिलमध्ये हरायचं की नाही हा खेळाचा प्रश्न झाला, खात्याचा नव्हे.

जुना भिडू

पावतीसाहेब, जीएसटी २२ टक्के खाईल. बुडालेली साइट सगळंच खाते.

१५ एप्रिल २०११. अमेरिकेच्या न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या पोकर साइट्सचे डोमेन जप्त केले. पोकरस्टार्सने खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवले होते, त्यांनी अमेरिकन गिऱ्हाइकांचे पैसे लवकरच परत केले. फुल टिल्टकडे जगभरच्या खेळाडूंचं देणं होतं सुमारे ३९ कोटी डॉलर आणि बँकेत होते सहा कोटींच्या आसपास.

आता हे कसं झालं ते बघा, कारण ते थेट डिपॉझिटशी संबंधित आहे. ऑनलाइन जुगाराचे पैसे फिरवण्यावर बंदी घालणाऱ्या २००६ च्या अमेरिकन कायद्यानंतर बँकांमधून पैसे ओढून आणणारे मध्यस्थ एकेक करून गळत गेले. फुल टिल्टला खेळाडूच्या बँकेतून पैसे घेता येईनात, तरी त्यांनी वॉलेटमध्ये आकडा दाखवणं थांबवलं नाही. खेळाडू न आलेल्या पैशावर खेळत होता, ते चिप्स समोरचा जिंकत होता आणि खरे डॉलर म्हणून काढत होता. असे सुमारे १३ कोटी डॉलर कधी गोळाच झाले नाहीत. मालकांना वाटा देणं मात्र त्या काळातही सुरूच. अमेरिकन खेळाडूंना पैसे मिळायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०१४ मध्ये, तेही पोकरस्टार्सने कंपनी घेऊन सरकारशी तडजोड केली म्हणून.

साइट दिसायला झकास चालत होती हो. टेबलं भरलेली, विड्रॉल जरा सावकाश येतात एवढीच कुरबुर.

लेस्टरवासी

इकडे ब्रिटनमध्ये जिंकलेल्यावर खेळाडूला कर नाही, त्यामुळे वरची अर्धी मारामारी आम्हाला लागू नाही. पण एक गोष्ट भारतात कुणी केली असती तर बरं झालं असतं. इथे प्रत्येक साइटला सांगावं लागतं की कंपनी बुडाली तर गिऱ्हाइकाच्या पैशाला संरक्षण आहे का, असल्यास मध्यम की जास्त. माझ्या साइटवर स्वच्छ लिहिलंय, संरक्षण नाही. वाचलं, आणि तेव्हापासून जेवढं त्या संध्याकाळी खेळायचं तेवढंच टाकतो. क्रेडिट कार्डाने डिपॉझिट एप्रिल २०२० पासून बंद आहे, त्याचाही मला फायदाच झाला.

उंबरठा

तुमची गणितं वाचली. आमच्या घरी खेळणारा मी नव्हे, नवरा. त्यामुळे मी पलीकडच्या बाजूने सांगते.

पैसे टाकायला यूपीआयचा पिन, तीन सेकंद. काढायला ‘विनंती स्वीकारली आहे, प्रक्रिया सुरू आहे’. आणि त्याच्या शेजारीच ठळक बटण, ‘विड्रॉल रद्द करा’. रात्री अकराला माझ्यासमोर वीस हजार काढायला टाकायचे आणि एक-दीडला, मी झोपले की, ते बटण दाबायचं. सकाळी विचारलं की ‘बँकेकडून उशीर होतोय गं’. बँक बिचारी काय करणार, तिच्यापर्यंत पैसे पोचलेच नव्हते! लेस्टरवासी, तुमच्याकडे हे बटण बंद केलंय असं ऐकलं, खरं का?

ठेवायचे की काढायचे हा प्रश्न ज्याला मध्यरात्री स्वतःचा हात आवरतो त्याच्यासाठी. बाकीच्यांसाठी बंदी आली ते उत्तम झालं. मला कुणी मागासलेली म्हणा.

लेस्टरवासी

@उंबरठा, खरं आहे. विड्रॉल मागितला की परत फिरवायची सोय कंपन्यांनी द्यायची नाही, असा नियम २०२१ पासून आहे. बंदी न घालताही हे करता येतं, एवढंच म्हणतो.

रात्रपाळी

उंबरठाताई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, बंदीने ते बटण गेलं आणि त्याजागी एजंट आला. आता क्लबवाली अ‍ॅप्स आहेत. अ‍ॅपवर नुसते चिप्स, पैशाचा व्यवहार बाहेर, एजंटशी व्हॉट्सअ‍ॅपवर. ना टीडीएस, ना जीएसटी, ना पावती. पाच मिनिटांत विड्रॉल. कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, शिक्षा आहे ती खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला. मग खेळणारा कशाला थांबेल? कर भरणारा धंदा बुडवून सरकारने काय मिळवलं?

पावती पुस्तक

रात्रपाळी, तो पाच मिनिटांतला विड्रॉल कुणाच्या खात्यातून येतो ते कधी बघितलंत का?

माझ्या मावसभावाला अशाच एका एजंटने १८ हजार पाठवले, तीन वेगवेगळ्या अनोळखी नावांनी. काही दिवसांनी पेट्रोल पंपावर त्याचं यूपीआय चालेना. बँकेत गेल्यावर कळलं, परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठवलंय. त्या तिघांपैकी एकाच्या खात्यात कुठल्याशा फसवणुकीचे पैसे आले होते आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार झालेली. खातं पगाराचं. घराचा हप्ता परत गेला, त्याचा दंड वेगळा. पोलिसांना ‘हे पैसे कशाचे’ सांगायचं म्हणजे पोकरचे म्हणायचं, आणि एजंटने तर नंबरच बदलला.

कंपनीच्या विड्रॉलला निदान एक नाव होतं, टीडीएसची नोंद प्राप्तिकराच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसायची. वॉलेटमध्ये पैसा ठेवायच्या बाजूने मी वर भांडलो ते त्या कंपन्यांपुरतं. एजंटकडे शंभर रुपयेही ठेवू नका.

रात्रपाळी

म्हणजे शेवटी धागाकर्त्याच्याच बाजूला आलात की!

पावती पुस्तक

अजिबात नाही. त्यांचं म्हणणं होतं काढत राहा. माझं म्हणणं आहे, तिथे टाकूच नका.

मांडवीकाठ

पणजीला या. बोटीवरच्या कॅसिनोतलं पोकर चालू आहे. कॅश काउंटरवर चिप्स देऊन पैसे घ्यायचे आणि उतरायचं, वॉलेट नाही नि प्रलंबित विनंती नाही.

किलवर दश्शी

मांडवीकाठ, येण्याजाण्याचा खर्च, राहणं आणि तिथला सगळ्यात लहान बाय-इन मिळून आमच्या इथल्या खेळाडूचा महिन्याचा बँकरोल संपतो. ५-१० च्या (पाच-दहा रुपयांच्या सक्तीच्या बोलीच्या) टेबलावरचा माणूस तिथे येऊन काय बघत बसेल, नदी?

पावतीसाहेब, जीएसटीचा मुद्दा तुमचा बिनतोड आहे, तरी २२ ऑगस्टच्या रात्री वॉलेटमध्ये दोन लाख असलेला माणूस आणि दहा हजार असलेला माणूस, यांपैकी कोण झोपला असेल ते तुम्हीच सांगा.

पावती पुस्तक

दहा हजारवाला झोपला असेल. पण आधीच्या दोन वर्षांत त्याने जीएसटीत किती घालवले तेही त्याला विचारून इथे टाका, मग बोलू.