न्यूफाउंडलंडचा २००५ चा तेलकरार: टोरांटोचे पेपर एवढे का भडकले होते?

किनारा७:
नमस्कार मंडळी, मी न्यूफाउंडलंड या कॅनडाच्या पूर्व टोकाच्या प्रांतात, सेंट जॉन्सला मेमोरियल युनिव्हर्सिटीत शिकते, सेमिनारसाठी २००५ चा अटलांटिक अकॉर्ड, म्हणजे प्रांत आणि केंद्र यांच्यातला तेलाच्या पैशांचा करार, घेतलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनडात ज्या प्रांतांची कमाई कमी त्यांना केंद्र इक्वलायझेशनचे पैसे देतं, न्यूफाउंडलंडला ते मिळायचे. १९९७ ला समुद्रातल्या हायबर्निया क्षेत्राचं तेल निघायला लागलं, रॉयल्टी आली, आणि जेवढी रॉयल्टी येईल तसतसं इक्वलायझेशन कापलं जायला लागलं. म्हणजे तेल असून नसल्यासारखं. २००४ च्या निवडणुकीत पंतप्रधान पॉल मार्टिननी शब्द दिला की तेलाचा पैसा पूर्ण तुमचाच राहील, पण ऑक्टोबरात ऑफर आली ती अटी घालून, प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) डॅनी विल्यम्स राजधानी ओटावातली बैठक सोडून निघून आले आणि डिसेंबरात त्यांनी प्रांताच्या सरकारी इमारतींवरचे कॅनडाचे झेंडे उतरवले. जानेवारीच्या शेवटी करार झाला, ८ वर्षं कपातीपासून संरक्षण आणि २ अब्ज डॉलर आगाऊ.

माझा प्रश्न पेपरांबद्दल आहे. त्या महिन्यांचे पेपर वाचतेय आणि खरंच वाईट वाटतंय. टोरांटोच्या ग्लोब अँड मेलमध्ये स्तंभलेखिका मार्गारेट वेंटे यांनी जानेवारी २००५ मध्ये या प्रांताला जगातली सगळ्यात विस्तीर्ण आणि निसर्गरम्य 'वेल्फेअर घेटो', म्हणजे सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची वस्ती, म्हटलं होतं. एवढी तुच्छता कुठून आली? मुद्दा तर हिशोबाचा होता ना? तेव्हा इथे असलेलं कोणी आहे का?

टोरांटोकर:
मी तेव्हा टोरांटोतच होतो, ऑफिसात रोज हाच विषय. झेंडे उतरले त्या दिवसापासून बातमी पैशाची राहिलीच नाही हो, ती देशाच्या अपमानाची झाली. कपात कशी होते, १९८५ च्या मूळ अकॉर्डमध्ये भरपाईची सोय होती पण ती वर्षागणिक आटत जाणार होती, हे समजावून सांगायला अर्धं पान लागतं, आणि झेंड्याचा फोटो एका नजरेत कळतो. संपादकांनी फोटो निवडला. ती त्यांची चूकच होती असं माझं ठाम मत आहे, कारण वाचकाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की हे लोक जास्तीची भीक मागतायत, प्रत्यक्षात मागणी होती ती स्वतःच्या रॉयल्टीबद्दल.

पण सेमिनारमध्ये दुसरी बाजूही नीट मांडा. काही अर्थतज्ज्ञांचा आक्षेप रास्त होता. इक्वलायझेशनचा पाया हाच की प्रांताची सगळी ऐपत मोजायची आणि मग मदत ठरवायची, त्यातून एकाचं तेल वगळलं तर बाकीचे विचारणारच की आमचं का मोजता. शेजारच्या नोव्हा स्कोशिया प्रांतालाही त्याच वेळी ८३ कोटी डॉलर मिळाले. आणि ऑन्टारियोचे प्रीमियर मॅगिंटी लगेच उठले की आम्ही ओटावाला जेवढं देतो आणि जेवढं परत मिळतं त्यात २३ अब्जांची तफावत आहे, त्याचं काय. ही चर्चा व्हायला हवी होती, वेंटेबाईंच्या कॉलमच्या गदारोळात ती वाहून गेली.

धुकं_आणि_मीठ:
किनारा, मी बरीच वर्षं सेंट जॉन्समध्ये आहे, इथली बाजू सांगते. हा राग फक्त २००४ चा नव्हता गं. १९६९ चा चर्चिल फॉल्स जलविद्युत प्रकल्पाचा करार, इथली वीज क्वेबेकला जवळपास पाव सेंट युनिटने, तेही २०४१ पर्यंत. १९८२ मध्ये ओशन रेंजर ही तेलाची रिग वादळात बुडाली, ८४ माणसं गेली, इथे अजून फेब्रुवारीत त्यांची आठवण काढतात. १९९२ मध्ये कॉड माशाची मासेमारी बंद केली आणि हजारो घरांचं पोट एका दिवसात गेलं, आणि मासेमारीचं व्यवस्थापन ओटावाच्या हातात होतं. एवढं सगळं सोसलेल्या लोकांना कोणीतरी टोरांटोत बसून फुकटे म्हणतं तेव्हा काय होणार? व्हीओसीएम रेडिओच्या ओपन लाइन या फोन-इन कार्यक्रमात लोक फोन करकरून बोलायचे, आवाज भरून यायचे.

पण आपल्या इथल्या मीडियालाही मी सोडणार नाही. झेंड्याच्या निर्णयावर प्रश्न विचारायला फार कमी लोक धजले, विल्यम्सच्या विरोधात बोललं की प्रांताच्या विरोधात बोलल्यासारखं व्हायचं, आणि २ अब्ज कुठे जाणार ही चर्चा आधी व्हायला हवी होती ती मागे पडली. त्यातला मोठा भाग पुढे शिक्षकांच्या पेन्शन फंडातली तूट भरायला गेला, मला तो निर्णय पटतो, पण आपला पैसा म्हणून एवढा लढा दिला त्यावर आधी खुलेपणाने बोलायला नको?

अरबी_समुद्र:
धुकं यांना +१. भारतातून एक मुद्दा घालतो, सेमिनारला उपयोग होईल. १९८४ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने हायबर्नियाच्या समुद्रतळावर हक्क केंद्राचा असं ठरवलं, त्यामुळे न्यूफाउंडलंडकडे कायद्याचं हत्यार उरलंच नाही, उरलं ते राजकारण आणि जनमत. आपल्याकडे तेच घटनेच्या कलम २९७ मध्ये लिहिलंय, समुद्राखालची खनिजं केंद्राची. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं, पण तिथली रॉयल्टी महाराष्ट्राला नाही, केंद्राला जाते. आसाम आणि गुजरातला जमिनीवरच्या तेलाची मिळते. यावर मराठी पेपरांत किती सलग लिखाण झालंय? मला तरी फार दिसलं नाही, आणि हे मनाला लागतं. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की रॉयल्टी म्हणजे कर नव्हे, खनिज हक्कांवर राज्यं कर लावू शकतात. मी पाहिलेल्या बातम्यांत पहिलं काय, तर कंपन्यांवर बोजा किती आणि शेअर किती पडले. चंद्रपूर-गडचिरोलीला यातून काय मिळू शकतं हे शोधावं लागलं.

किनारा७:
खूप आभार सगळ्यांचे. धुकंताई, ओपन लाइनबद्दल अजून विचारायचंय, व्यनि करते. टोरांटोकर, करारानंतर राष्ट्रीय पेपरांचा सूर बदलला का?

टोरांटोकर:
काही आठवड्यांत विषयच संपला त्यांच्यासाठी. तो पुन्हा पेटला २००७ ला, केंद्रातल्या हार्पर यांच्या कॉन्झर्वेटिव्ह सरकारने बजेटमध्ये इक्वलायझेशनचा नवीन फॉर्म्युला आणला, विल्यम्स म्हणाले हा शब्द मोडला, आणि २००८ च्या निवडणुकीत कॉन्झर्वेटिव्ह सोडून कोणालाही मत द्या अशी मोहीम चालवली. प्रांतातल्या ७ पैकी एकही जागा त्या पक्षाला मिळाली नाही.

तुम्हाला खरी तुलना करायची असेल तर नोव्हेंबर २००८ चे पेपर काढा. त्याच घोषणेत न्यूफाउंडलंड इक्वलायझेशनच्या यादीतून बाहेर पडल्याचं आणि ऑन्टारियो पहिल्यांदाच त्या यादीत आल्याचं जाहीर झालं. ऑन्टारियोबद्दल लिहिताना त्याच पेपरांनी मंदी, बंद पडणारे कारखाने, डॉलरचा भाव अशी कारणं किती सविस्तर दिली ते बघा, आणि २००५ चे कॉलम शेजारी ठेवा. मायक्रोफिल्म युनिव्हर्सिटीत असेलच, नाहीतर टोरांटो रेफरन्स लायब्ररीतून मी स्कॅन करून पाठवतो, फक्त तारखा कळवा.