कबड्डी स्पर्धा: डोकं, मान, तोंडाला मार बसला तर कडेला काय तयारी हवी?

कोपरारक्षक_गुहागर:
मंडळाची मातीवरची स्पर्धा आहे, सामने रात्रीचे. डॉक्टर शेवटपर्यंत थांबतीलच असं नाही. साखळी करून पकड करताना डोक्यावर डोकं आपटतं, घोटा धरायला वाकलेल्याच्या तोंडावर गुडघा बसतो. पेटीत बर्फ, पट्ट्या, स्प्रे आहे. आणखी काय हवं? खेळाडूला बाहेर कधी बसवायचं?

खेळवैद्य:
पेटीआधी एक नियम ठरवा: मेंदूला हादरा बसल्याचा नुसता संशय आला तरी तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा आत नाही. हे संघनायकावर सोडू नका, त्याला गुण दिसत असतात. बदली खेळाडू असतो ना!

शुद्ध जायलाच हवी असं नाही, बहुतेकांची जात नाही. तोल जाणं, शून्यात बघणं, उत्तराला वेळ लावणं एवढं पुरे. "बोटं किती?" विचारून काही कळत नाही. विचारा: मैदान कुठलं? मध्यंतर झालं का? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी? एक चुकलं की बाहेर. सगळी बरोबर आली म्हणून मोकळा असंही नाही, लक्षणं काही तासांनीही दिसतात.

वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलटी, झटके, वाढती गुंगी, डोळ्याची एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव: यातलं काहीही दिसलं तर थेट १०८. रात्री सीटी स्कॅन कुठे चालू असतो ते स्पर्धेआधीच विचारून ठेवा, नाहीतर जवळच्या दवाखान्यातून पुन्हा कोल्हापूरची वाट.

घरी सोडलंच तर सोबत माणूस हवा. दारू आणि दुचाकी बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, आत रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. पहिले २४ ते ४८ तास हलका आराम, मग टप्प्याटप्प्याने सराव, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. धरपकड मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

दर्यावर्दी:
आणि मान? आमच्याकडे पडला की चौघं हातपाय धरून उचलतात, कोणीतरी कांदा हुंगवतो.

खेळवैद्य:
तेच करू नका. मान दुखते म्हणाला, हातात मुंग्या आल्या किंवा बेशुद्ध असला, तर मणका दुखावलाय असंच धरा. एकाने डोक्यामागे गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरावं, १०८ येईपर्यंत सोडू नये. उलटी झाली तर डोकं धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी मिळून ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवा. श्वासच नसेल तर मानेचा विचार मागे, छाती दाबायला घ्या.

दंतशल्य_कणकवली:
दात पूर्ण निखळला तर मुळाला हात लावू नका, वरचा पांढरा भाग धरा. माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवा, घासू नका. शक्यतो लगेच खाचेत बसवून कापड चावायला द्या. जमत नसेल तर थंड दुधात टाकून अर्ध्या-पाऊण तासात दवाखाना. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की दात टिकत नाही. दुधाचा दात परत बसवायचा नाही.

दात पूर्वीसारखे जुळत नाहीत किंवा खालचा ओठ बधिर झालाय? जबडा मोडलेला असू शकतो. एकाचे दोन दिसत असतील तर डोळ्याभोवतीचं हाड मोडलेलं असू शकतं, नाक शिंकरू देऊ नका. घोळणा फुटला तर पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं सलग दाबा. नंतर नाकात टॉर्च मारा: मधल्या पडद्यावर लालसर-जांभळा फुगा दिसला तर त्याच रात्री डॉक्टर, नाहीतर आतली कूर्चा मरून नाक बसतं. जखमेत हळद, कॉफी भरू नका, टाके घालणाऱ्याला ती आधी काढत बसावी लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

कोपरारक्षक_गुहागर:
दुधाऐवजी शहाळ्याचं पाणी चालेल का? ते मैदानावरच असतं.

दंतशल्य_कणकवली:
आंबटसर असतं, दूधच बरं. बर्फाच्या डब्यात एक पिशवी टाकून ठेवा, चहावाल्याला सांगून ठेवा ती फोडायची नाही म्हणून.